मांजराला सोफाच का लागतो, आणि त्याहून चांगलं काय देता येईल

घरात मांजर आलं की पहिला बळी सोफ्याच्या हाताचा जातो. मग कोणीतरी दीड फुटाचा, वर पिसांचा गोळा लटकवलेला एक खांब विकत आणतं. मांजर त्याचा एकदा वास घेतं, शेपटी हलवतं आणि पुन्हा सोफ्याकडे वळतं. लगेच त्याच्यावर शिक्का बसतो: हट्टी आहे, मुद्दाम करतं.

हट्टाचा इथे काही संबंध नाही. मांजराने दोन वस्तू तपासल्या आणि चांगली निवडली. सोफा उंच आहे, जड आहे, जोर लावला तरी जागचा हलत नाही, त्याच्या कापडात नख नीट रुततं आणि तो घरात सगळ्यात वर्दळीच्या जागी उभा आहे. विकत आणलेला खांब या पाचही बाबतींत नापास होतो. म्हणून खरं काम एवढंच, की सोफ्याला हरवेल अशी वस्तू त्याला द्यायची. चिकटपट्ट्या, फवारे, ओरडणं हे सगळं त्याच्यानंतर येतं, आणि त्यातलं बरंचसं तर करूच नये.

नखं घासण्याची सवय मोडता येत नाही, हे आधी मान्य केलेलं बरं. मांजराचं नख कांद्यासारखं थरांनी वाढतं. बाहेरचा थर जुना आणि बोथट झाला की तो काढून टाकावा लागतो आणि खालून नवं टोकदार नख वर येतं. पुढच्या पंजांचं हे काम खरवडून होतं, मागच्या पंजांचं दातांनी कुरतडून. सोफ्याखाली किंवा खांबाच्या पायाशी चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ टरफलं सापडतात ती हीच. नख तुटलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

दुसरं कारण आळोखेपिळोखे देण्याचं. झोपेतून उठल्यावर मांजर पुढचे पंजे उंच रोवतं, पाठ ताणतं आणि खांद्यांपासून कमरेपर्यंत सगळे स्नायू मोकळे करतं. यासाठी त्याला पूर्ण अंगाची उंची आणि न हलणारा आधार लागतो. तिसरं कारण आपल्या नाकाला कळत नाही. पंजाच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात, त्यामुळे प्रत्येक ओरखड्याबरोबर तिथे वास राहतो. दिसणारी खूण आणि वासाची खूण मिळून 'हे माझं घर' असा फलक लागतो. फलक कोणी माळ्यावर लावत नाही, दारात लावतो. मांजरही कोपऱ्यातल्या खोलीत नखं न घासता दिवाणखान्यात का घासतं, त्याचं उत्तर यात आहे.

काहीही विकत घेण्याआधी किंवा बनवण्याआधी झालेल्या नुकसानीची नीट पाहणी करा. मोजपट्टी घ्या. सगळ्यात वरचा ओरखडा जमिनीपासून किती उंचीवर आहे? रेघा उभ्या आहेत की आडव्या? कापड जाड विणीचं आहे, लाकूड आहे, वेत आहे की सतरंजी? सोफ्याचा हात, दाराची चौकट, गादीची कड फाटली असेल तर मांजर उभं घासणारं आहे, त्याला खांब द्या. सतरंजी, पायपुसणं किंवा सोफ्याची बसायची जागा उसवली असेल तर त्याला आडवं काहीतरी हवं आहे आणि कितीही सुंदर खांब आणला तरी तो धूळ खाणार. बऱ्याच मांजरांना दोन्ही लागतं. मागचा भाग वर आणि पुढचे पाय लांब पसरून जमिनीवर खरवडणारी मांजरं पुठ्ठ्यावर खूश असतात. वेळही बघा. झोपेतून उठल्याबरोबर घासतं की आपण दार उघडून आत आल्यावर? पहिलं असेल तर खांब झोपायच्या जागेजवळ हवा, दुसरं असेल तर दाराजवळ.

आता उंची. पूर्ण वाढलेलं मांजर मागच्या पायांवर उभं राहून पंजे वर ताणतं तेव्हा ते सहज ७५ ते ८५ सें.मी.पर्यंत पोहोचतं. म्हणून खांब किमान ९० सें.मी. हवा, आणि बोका लांब अंगाचा असेल तर १०० सें.मी. पिल्लासाठी म्हणून ४० सें.मी.चा खांब घेणं म्हणजे सहा महिन्यांत पुन्हा खर्च.

उंचीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्थिरता. इथे बहुतेक खांब हरतात. चार-पाच किलोचं मांजर वरच्या टोकाला पंजे रोवून स्वतःकडे ओढतं, तेव्हा खांब तरफेसारखा काम करतो आणि छोटा पाया उचलला जातो. एकदा खांब अंगावर आला की ते मांजर त्याच्या वाटेला जात नाही. पाया किमान ५० × ५० सें.मी. ठेवायचा, तो याच हिशेबाने. एवढ्या पायावर मांजराचे मागचे पाय टेकतात आणि त्याचं स्वतःचं वजनच पाया दाबून धरतं. पाया लहान असेल तर मागचे पाय फरशीवर येतात, हा आधार जातो, आणि मग दहा किलोचा खांबही डुगडुगतो. तयार खांब घेताना वरच्या टोकाला तळहाताने जोरात ढकलून पाहा. हातालाच डुगडुग जाणवली तर तो तिथेच सोडून द्या.

घरी खांब बनवायचा तर

लाकडी खांब ९ × ९ सें.मी. जाडीचा, ९० सें.मी. लांब. पायासाठी १८ मि.मी. प्लायवुडचे ५० × ५० सें.मी.चे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून ३६ मि.मी. जाडी करायची. एकट्या पायाचंच वजन पाच किलोच्या आसपास भरतं. खांबाच्या चारही कडा पॉलिश पेपरने किंवा रंध्याने गोल करून घ्या. ही पायरी लोक टाळतात आणि पस्तावतात. धारदार कडेवर दोरी सगळ्यात आधी कापली जाते, आणि सपाट बाजूंवर ती सैल राहते ते वेगळंच.

पाया खालून स्क्रूने जोडायचा. ३६ मि.मी. पायातून जाऊन खांबात निदान ६० मि.मी. शिरेल असा, म्हणजे १०० मि.मी. लांबीचा स्क्रू, असे चार, खांबाच्या कडांपासून २ सें.मी. आत. आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर लाकूड उभं चिरतं. स्क्रू इथे लाकडाच्या कापलेल्या तोंडात जातो आणि अशा ठिकाणी त्याची पकड मुळात कमी असते. म्हणून जोडावर लाकडाचा गोंद लावणं ऐच्छिक नाही. स्क्रूची डोकी प्लायवुडमध्ये बुडवा आणि पायाखाली पातळ रबरी शीट लावा. चार कोपऱ्यांत चार रबरी बुटं लावली तर फरशी थोडी वरखाली असली तरी खांब हलायला लागतो.

लाकूड नसेल तर ११० मि.मी.चा पीव्हीसी पाइप चालतो, पण तो फार हलका. पायावर आधी ५ सें.मी. जाड लाकडी चकती स्क्रूने पक्की करा, पाइप तिच्यावर घट्ट बसवा आणि बाजूंनी पाच-सहा स्क्रू मारा. सांधा सिलिकॉनने बंद करून तळाच्या ३० सें.मी.मध्ये कोरडी वाळू भरली की चार किलो वजन खाली येतं. वरचं तोंड झाकण लावून बंद करायला विसरू नका, कारण वाळू दिसली की काही मांजरं तिचा वेगळाच उपयोग करतात.

दोरी सायसलची, म्हणजे घायपाताच्या धाग्याची, ८ किंवा १० मि.मी. जाडीची. घेताना वास घ्या. तेलकट, रॉकेलसारखा वास आला तर ती तेल लावलेली आहे, आणि मांजर तिच्याकडे फिरकणार नाही. तागाची दोरी मऊ असते, लवकर पिंजते, पण पिल्लांना आणि म्हाताऱ्या मांजरांना बरी. काथ्या ठिसूळ, त्याची कुसळं घरभर होतात. नायलॉन नकोच. त्यात नख अडकतं पण सुटत नाही, धागेही तुटत नाहीत, आणि फाडल्याचं जे समाधान मांजराला हवं असतं ते मिळत नाही.

किती दोरी लागेल याचा अंदाज लोक हमखास कमी काढतात. हिशेब सोपा आहे. गुंडाळायची उंची भागिले दोरीची जाडी म्हणजे वेढे. एका वेढ्याची लांबी म्हणजे खांबाचा घेर आणि दोरीच्या जाडीसाठी थोडं जास्त. ९ × ९ च्या खांबावर ८० सें.मी. उंचीला ८ मि.मी.ची दोरी गुंडाळायची तर १०० वेढे, एक वेढा सुमारे ३८.५ सें.मी., एकूण ३८.५ मीटर. त्यात दहा टक्के धरून ४२ मीटर घ्या. ११० मि.मी.च्या पाइपवर हीच दोरी ३७ मीटर लागते आणि १० मि.मी.ची घेतली तर साधारण ३० मीटर, अर्थात वर दहा टक्के दोन्हीकडे.

गुंडाळायला खालून सुरुवात करा. खांबाच्या तळाशी १० मि.मी.चं ३ ते ४ सें.मी. खोल भोक पाडा, दोरीचं टोक गोंद लावून आत घाला आणि लाकडी पाचर ठोका. पाइप असेल तर वाळू भरण्याआधीच टोक भोकातून आत घेऊन गाठ मारून ठेवा. दर पाच-सहा वेढ्यांनंतर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने वेढे खाली ठोका. दोन वेढ्यांत फट राहिली की नख तिथून आत जातं, एक फास वर उचलला जातो आणि आठवड्याभरात सगळी गुंडाळी सैल पडते. लाकडावर गोंदाची उभी रेघ चारही बाजूंनी ओढत चला, म्हणजे प्रत्येक वेढा कुठे ना कुठे चिकटेल. मग पुढे दोरी एका जागी झिजून तुटली तरी सगळी उलगडत नाही. पाइप गुळगुळीत असतो, त्यावर लाकडाचा पांढरा गोंद धरत नाही. तो पॉलिश पेपरने खरखरीत करून हॉट ग्लू वापरा. उग्र वासाचा रबरी गोंद वापरलाच तर खांब वास पूर्ण जाईपर्यंत उघड्या हवेत ठेवा.

स्टेपल पिना वापरू नका. झटपट काम होतं हे खरं, पण दोरी झिजली की पिना उघड्या पडतात, पंजात घुसतात किंवा पोटात जातात.

घर लहान असेल तर खांबाऐवजी भिंतीला फळी हा माझ्या मते जास्त चांगला पर्याय आहे. १५ ते २० सें.मी. रुंद, ८० सें.मी. लांब फळी, तशीच दोरी गुंडाळलेली, खालचं टोक जमिनीपासून २० ते २५ सें.मी. वर ठेवून चार स्क्रूंनी भिंतीत पक्की करायची. स्थिरतेचा प्रश्नच उरत नाही आणि जमीनही अडत नाही. अनेक मांजरांना तर नुसतं साल न काढलेलं जाड ओंडकंही पुरतं, फक्त त्यावर रंग, पॉलिश किंवा वाळवीचं औषध मारलेलं नसावं.

पुठ्ठ्याचं खरडपाट

आडवं घासणाऱ्या मांजरासाठी खोक्यांचा नालीदार पुठ्ठा. यात चूक एकच होते, पण सगळं त्यावर अवलंबून असतं: पुठ्ठा सपाट पसरून ठेवला जातो. मांजराला पुठ्ठ्याची पाठ नको असते, कापलेली कड हवी असते. खोक्यातल्या पिना आणि चिकटपट्ट्या काढून ५ ते ६ सें.मी. रुंदीच्या पट्ट्या कापा, त्याही अशा, की नाल्या पट्टीच्या रुंदीला समांतर येतील. पट्ट्या उभ्या केल्या की वरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं दिसली पाहिजेत. मग त्या एकमेकींना खेटून एखाद्या उथळ ट्रेमध्ये इतक्या घट्ट भरा की शेवटची पट्टी ढकलून बसवावी लागेल. सैल भरल्या तर पट्ट्या आडव्या पडतात. ट्रे निदान ५० सें.मी. लांब आणि २५ सें.मी. रुंद असावा, कारण मांजर त्यावर उभं राहून खरवडतं आणि मग तिथेच झोपतं.

कचरा होतो, हे आधीच सांगून ठेवतो. मध्ये खळगा पडला की पुठ्ठा काढून उलटा बसवा, दुसरी बाजूही तितकीच टिकते.

ठेवायचा कुठे

खांब घरात बसेल अशा जागी नव्हे, मांजर आज जिथे घासतं तिथे. सोफ्याचा उजवा कोपरा फाटला असेल तर त्या कोपऱ्याला अगदी लागून, सोफ्याकडे जायच्या वाटेत. दिसायला वाईट दिसतं, पण पहिला महिना दुसरा इलाज नाही. त्याच वेळी सोफ्याचा तो भाग पकडीला निरुपयोगी करायचा: ५ सें.मी. रुंदीच्या दुहेरी चिकटपट्ट्या उभ्या, किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक ताणून. चामड्यावर आणि रेक्झिनवर चिकटपट्टी आधी मागच्या बाजूला लावून पाहा, निघताना ती वरचा थर घेऊन येऊ शकते. फाटलेलं कापड सौम्य साबणाच्या पाण्याने धुवून काढा म्हणजे जुना वास कमी होईल. अमोनियाचा क्लीनर नको, त्याचा वास मांजराच्या नाकाला लघवीसारखा लागतो आणि मांजर उलट खूण पक्की करायला येतं.

मांजर रोज खांब वापरू लागून तीन-चार आठवडे झाले की मगच तो हलवायला घ्या, दिवसाला चार बोटं, त्याहून जास्त नाही. मध्येच सोफ्यावर पुन्हा ओरखडा दिसला तर खांब मागच्या जागी न्या. चिकटपट्ट्या सगळ्यात शेवटी काढा.

मांजराचे पंजे धरून खांबावर घासून दाखवायला जाऊ नका. धरून ठेवलेलं कुठल्याच मांजराला आवडत नाही आणि त्या वस्तूशी वाईट आठवण जोडली जाते. त्याऐवजी दोरीचं खेळणं खांबाच्या वरच्या टोकाशी हलवा, झडप घालताना नख आपोआप दोरीत रुतेल. वाळलेली कॅटनिप, म्हणजे मांजरांना भुरळ घालणारी पुदिन्याच्या कुळातली वनस्पती, चिमूटभर चोळली तर बऱ्याच मांजरांवर काम करते. पण साधारण तीनातल्या एकावर तिचा काहीच परिणाम होत नाही, ते आनुवंशिक आहे, आणि काही महिन्यांच्या पिल्लांवरही होत नाही. तेव्हा मांजर ढिम्म राहिलं तर कॅटनिप खराब निघाली असं समजू नका.

एकाहून जास्त मांजरं असतील तर प्रत्येकाला एक आणि वर एक जास्तीचं, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. एकाच कोपऱ्यात तीन खांब उभे केले तर दांडगं मांजर तिन्ही अडवून बसतं.

पाण्याचा फवारा, टाळी, ओरडणं यातून मांजर एवढंच शिकतं, की हा माणूस समोर असताना घासायचं नाही. त्यातून भेदरलं तर खुणा वाढतात, कमी होत नाहीत. लिंबूवर्गीय तेलं, टी ट्री ऑइल, फिनेल हे घरगुती 'उपाय' तर धोक्याचे आहेत. मांजराचं यकृत फिनॉलसारखी द्रव्यं नीट मोडू शकत नाही, आणि सोफ्यावर मारलेलं पंजाला लागून चाटताना पोटात जातं.

नखं कापल्याने घासणं थांबत नाही, पण नुकसान बरंच कमी होतं. पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं. दर दोन-तीन आठवड्यांनी फक्त पुढची कापली तरी चालतं. बोटाची गादी खालून हलकेच दाबली की नख बाहेर येतं, आत गुलाबी भाग दिसतो. त्याच्या पुढे २ मि.मी. जागा सोडून फक्त पारदर्शक वाकडं टोक कापा. गुलाबी भागात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरा. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख विसरू नका. ते कुठे घासलं जात नाही आणि वाढत वाढत गोल फिरून गादीत घुसतं. म्हातारं मांजर घासणं कमी करतं तेव्हा हे जास्त होतं, आणि घासणं अचानक बंद झालं तर सांधे दुखत असतील, डॉक्टरांना दाखवा.

नखं कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया म्हणजे नख काढणं नव्हे, प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर छाटणं. अनेक देशांत त्यावर बंदी आहे. त्याबद्दल याहून जास्त लिहायची गरज वाटत नाही.

पडद्यांचं गणित वेगळं आहे. पडद्यावर पिल्लं घासत नाहीत, चढतात. त्यांना खिडकीपाशी चढायला उंच जागा दिली आणि पडदे काही महिने गुंडाळून वर बांधले की बहुतेक प्रश्न वयाबरोबर सुटतो. उसवलेल्या कापडाचे लोंबते धागे मात्र लगेच कापून टाका. गिळलेला लांब धागा आतड्यात अडकून आतडं चिरू शकतो. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, तसाच ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

खांबावरची दोरी पिंजून झिपऱ्या झाल्या की घरातल्यांना तो फेकावासा वाटतो. मांजराच्या दृष्टीने तो आत्ता कुठे तयार झालेला असतो, त्यावर त्याचा वास मुरलेला असतो. आतलं लाकूड दिसायला लागेपर्यंत दोरी बदलू नका, आणि बदलताना सगळी न काढता फक्त मधला झिजलेला भाग, साधारण २५ ते ६० सें.मी. उंचीमधला, नव्याने गुंडाळा. नवा खांबच आणला तर जुना त्याच्या शेजारी दोन-तीन आठवडे राहू द्या.